इंदूताईंची शेगडी

मे महिन्यात अमरावतीच्या रस्त्यावर दुपारी कुत्रंसुद्धा दिसत नाही. बाहेर पडावंच लागलं तर माणसं दुपट्टा गुंडाळून, डोळे तेवढे उघडे ठेवून निघतात. अशा दिवसांत डायलिसिसच्या हॉलमध्ये, माझ्या शेजारच्या खाटेवर, इंदूताई जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून पडलेल्या असायच्या. जॅकेटच्या छातीवर एक निळा दिवा लागलेला असायचा. नवीन पेशंटला वाटायचं, बाईच्या हृदयाला काहीतरी यंत्र लावलंय. तो घाबरून बघत राहिला की इंदूताई म्हणायच्या, "काही नाई बाप्पा, शेगडी हाय. माह्या पोरीनं देल्ली."

मी बडनेऱ्याचा. रेल्वेत कारकुनी करता करता साखरेनं माझ्या किडन्या खाल्ल्या आणि मंगळवार-शुक्रवारची ही खाट माझ्या नशिबी आली. पहिल्या दिवशी हातात सुया गेल्या तसे मी डोळे मिटून घेतले. बाजूच्या खाटेवरून आवाज आला, "भाऊ, डोये उघडा. झाकले का जास्त दुखते." उघडून पाहिलं तर पन्नाशी ओलांडलेली, सावळी, हाडं दिसणारी एक बाई माझ्याकडे बघून हसत होती. ती इंदूताईंची आणि माझी ओळख. एकाच गाडीनं नेहमी जाणारी माणसं जशी एकमेकांची होऊन जातात, तसे आम्ही झालो. आमची गाडी फक्त कुठे जात नव्हती.

त्या माळ्याच्या घरातल्या. गावाबाहेर विहिरीखालच्या दोन एकरांत शेवंती, झेंडू, निशिगंध लावायच्या. नवरा लवकर गेला, पण बाईनं फुलं विकून एकुलत्या एका मुलीला, ज्योतीला, अकोल्याला ठेवून नर्सिंगचं शिक्षण दिलं. ज्योती पुढं जर्मनीतल्या इस्पितळात लागली. तिचा नवराही तिकडंच कामाला होता. इंदूताई सगळं जग मळ्याच्या भाषेत समजून घ्यायच्या. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "म्हंजे मले ठिबक लावलं." कोणी पेशंट रडायला लागला की म्हणायच्या, "पानी देऊन राहिला तर मुयाशी दे, डोयातून काहून सांडते?" हे ऐकून रडणाऱ्याला हसू यायचंच असं नाही, पण रडणं थांबायचं.

मशीनवर थंडी वाजते हे ज्यानं अनुभवलं नाही त्याला सांगून कळत नाही. रक्त बाहेर जाऊन फिरून अंगात येतं, ते येताना थोडं निवलेलं असतं. वर हॉलचा एसी. बाहेर पारा कितीही चढो, आत हाडांतून हिव भरतं. आम्ही सगळे घरून ब्लँकेट आणायचो. इंदूताई दोन आणायच्या, आणि तरी त्यांचे दात वाजायचे.

ज्योती रजा काढून आली ती थंडीसाठी नव्हे. आईला आपली किडनी द्यायची, असं ठरवूनच ती आली होती. तपासण्या झाल्या, जुळलं. त्या शुक्रवारी ती हॉलमध्ये आली तेव्हा तिचा चेहरा पेपर सोपा गेलेल्या पोरीसारखा झाला होता.

"आई, जमते. डॉक्टर म्हनते, दोन महिन्यांत करून टाकू."

इंदूताईंनी तिच्याकडे शांतपणे पाहिलं. "नाई."

"काहून नाई?"

"तुह्या पोटात अजून लेकरू याचं हाय."

ज्योतीला एकदा दिवस राहिले होते, पण ते टिकले नव्हते. मला ते तेव्हा कळलं. ज्योती खाटेच्या कडेवर बसली. "आई, एका किडनीवर बाया बाळंत होतात. मी सोता पाह्यल्या."

"तू पाह्यल्या असशीन. मले नाई पाहाचं." मग इंदूताई माझ्याकडे वळल्या, जणू मी पंच होतो. "सांगा भाऊ, उभं रोप उपटून कोनी जुन्या झाडाच्या बुडाशी घालते का?"

मी नजर मशीनकडे वळवली. माझ्याही घरी मुलगी होती.

"मी रोप नाई," ज्योती ओरडली. "मी तुही पोट्टी हाव!" हॉलमधल्या सगळ्या माना वळल्या. वर्षा सिस्टर धावत आल्या, कारण इंदूताईंच्या मशीनचा भोंगा वाजायला लागला होता. त्यानंतर डॉक्टरांनी समजावलं, दिरानं समजावलं. इंदूताई ऐकून घ्यायच्या आणि शेवटी तोच एक शब्द बोलायच्या. डॉक्टरांनी सांगितलं, पेशंटची इच्छा नसेल तर आम्ही काही करू शकत नाही.

मायलेकींनी आठवडाभर अबोला धरला. परत जायच्या दिवशी ज्योती हॉलमध्ये आली आणि पिशवीतून एक मरून रंगाचं जॅकेट काढून आईच्या गुडघ्यांवर ठेवलं. जर्मनीत बर्फात बसची वाट बघताना ती हेच घालायची. आत तारांच्या पट्ट्या, खिशात बॅटरी, छातीवर बटण. लाल दिवा म्हणजे जास्त गरम, पांढरा मध्यम, निळा कमी. डाव्या हातात सुया असतात म्हणून तिनं शिंप्याकडून डाव्या बाहीला मनगटापासून दंडापर्यंत चेन लावून घेतली होती. शिंपी कात्री लावायला घाबरत होता म्हणे, करंट लागेल म्हणून. बाहीत तार नाही हे त्याला पटवण्यात अर्धा दिवस गेला.

"किडनी नाई घेत त नको घेऊ," ज्योती म्हणाली. "हे तरी घे."

इंदूताईंनी निमूटपणे हात पुढे केला. ज्योतीनं जॅकेट चढवलं, चेन लावली, बटण दाबलं. थोड्या वेळानं इंदूताईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. "आवो माय," त्या म्हणाल्या, "कमरेत ऊन पडलं." मग म्हणाल्या, "हे ज्यानं बनवलं त्याले बाईचं अंग समजते. बाईले थंडी पयले कमरेतच भरते."

तेव्हापासून त्यांची शेगडी साऱ्या हॉलची झाली. एका शुक्रवारी मला मशीनवरच हुडहुडी भरली. खाट हलावी असं अंग उडत होतं. इंदूताईंचं मशीन नुकतंच सुटलं होतं. त्या हाताला पट्टी दाबत उठल्या आणि जॅकेट माझ्या अंगावर घालायला लागल्या. कमरेत घेतलेलं, बायकांच्या मापाचं, वर तो रंग. समोरच्या खाटेवरचे दोघे हसले. मी त्या हुडहुडीतही म्हणालो, "ताई, लेडीज आहे ते."

"थंडीले का मालूम तुमी बाई हा का मानूस?" त्यांनी चेन ओढली. माझ्या पोटावर ती अर्ध्यातच अडली. पाठीवर ऊब पसरली, आणि मला माझी आई आठवली. हसणाऱ्या त्या दोघांपैकी एकानं पुढच्या मंगळवारी हळूच विचारलं, "मावशी, शेगडी मोकळी हाय का?"

असं दीड-दोन वर्षं चाललं. मग इंदूताईंचा रक्तदाब मशीनवर कोसळायला लागला. एकदा बोलता बोलता मान टाकली. डॉक्टरांनी सांगितलं, मशीन चालू असताना जॅकेट बंद. ऊब मिळाली की रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी आणखी उतरतं. वर्षा सिस्टरांनी जॅकेट काढून उशाशी ठेवलं. इंदूताई पुन्हा दोन ब्लँकेटांखाली थरथरायला लागल्या. तक्रार मात्र केली नाही. "हिवायाचं पीक हाय मी," म्हणायच्या, "थंडीनं मरत नाई."

शुक्रवारी दुपारी ज्योतीचा व्हिडिओ कॉल यायचा. त्याच्या जरा आधी इंदूताई सिस्टरांना हाक मारायच्या. "वर्षा, घाल वं पोरी. घडीभर." सिस्टर कुरकुरत जॅकेट चढवायच्या आणि बटण एकदा दाबून दिवा लावायच्या. फोन मी धरायचो, कारण त्यांचा हात आता स्थिर राहत नव्हता.

"आई, थंडी वाजते का?"

"कायची थंडी! तुही शेगडी हाय न. हे पाय, दिवा." आणि त्या छाती पुढे करायच्या.

"बरं हाय," ज्योती म्हणायची. मग इकडतिकडच्या गोष्टी, जावयाची खुशाली. फोन ठेवला की सिस्टर दिवा बंद करून जॅकेट काढून घ्यायच्या, आणि इंदूताईंचे दात वाजायला लागायचे. एकदा मी म्हटलं, "ताई, सांगून टाका ना तिला." त्या म्हणाल्या, "तिनं एकच गोष्ट देल्ली न मी घेतली, भाऊ. ते बी घेत नाई म्हनून सांगू का?"

पोळ्याच्या आधीच्या मंगळवारी त्यांची खाट रिकामी होती. सकाळी घरीच गेल्या. फुलं तोडायला आलेल्या जावेनं पाहिलं. ज्योती पोचली तोवर सगळं आटोपलं होतं.

शुक्रवारी ती हॉलमध्ये आली. इंदूताईंच्या खाटेवर तोपर्यंत एक नवीन पेशंट आला होता. ती माझ्याजवळ स्टूल ओढून बसली. मग तिनं विचारलं, "काका, खरं सांगा. तिले थंडी वाजत होती न?"

खोटं माझ्या ओठांवर आलं होतं. पण तिनं खरं मागितलं होतं. "हो," मी म्हणालो. "जॅकेट बंद केलं होतं. तुझ्या फोनपुरतं घालायच्या."

तिनं मान हलवली. "मले मालूम होतं. मी नर्स हाव काका, तिचे रिपोर्ट मांगवून पाहत होतो. बीपी इतकं उतरल्यावर गरम घालू देत नाईत, हे मी पेशंटले रोज सांगतो. पन ते दिवा दाखवे न, त मी बरं हाय म्हनो. मले मालूम हाय असं म्हटलं असतं, त माह्यासाठी तिच्यापाशी घालाले काय राह्यलं असतं?" मग पदरानं पुसावं तसं तिनं ओढणीनं तोंड पुसलं.

मी विचारलं, "जॅकेटचं काय करणार?"

"नेतो. तिथं आता थंडी पडन."

"आणि त्या बाहीची चेन?"

"राहू देतो. कोनी इचारलं त सांगीन, आईचं हाय."

वर्षा सिस्टर येऊन तिच्या पाठीवर हात ठेवून गेल्या. मशीनचा आवाज चालू होता. ज्योतीचं लक्ष माझ्या दंडाकडे गेलं. तिथं काटा आला होता.

"काका, थंडी वाजून राहिली का?"

"वाजते," मी म्हणालो.

तिनं उठून माझं ब्लँकेट खांद्यापर्यंत ओढलं, पायाशी नीट दुमडलं, आणि माझं मशीन सुटेपर्यंत तिथंच बसून राहिली.