एझ्राची पिशवी आणि आमची इरा

अमेरिकेतल्या मराठी घरात दह्याचे रिकामे डबे साठतात, तसे मुलांच्या सासरचे किस्से साठतात. टाकवत नाहीत, आणि कपाट उघडलं की अंगावर पडतात. आमच्या मुक्ताने केलेबशी लग्न केलं त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून आमच्या डब्लिनच्या घरात, म्हणजे ओहायोतल्या डब्लिनच्या, एझ्राचे किस्से साठत चालले आहेत.

एझ्रा हा केलेबचा खापरपणजोबाच्याही पलीकडचा पूर्वज. ओहायोत सगळं जंगल होतं, एका घरातून दुसऱ्या घरी जायला दिवस लागायचा, त्या काळातला फिरता धर्मोपदेशक. घोड्यावरून वस्तीवस्तीला जाऊन प्रवचनं करायचा. वर्षातले नऊ महिने घराबाहेर.

मला हे किस्से आवडतात. पण मी मुळात काळजी करणारी बाई. तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जंतू वाढवून बघितल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? एझ्राच्या गोष्टीला सगळे हसतात आणि मी काळजी करत बसते.

*

पहिल्यांदा व्याही घरी जेवायला आले, तेव्हा सुहासने, म्हणजे आमच्या ह्यांनी, आपल्या सवयीने विचारलं, "मग, घरी कोण कोण असतं?"

केलेबचे वडील डॅन हे इतिहासाचे निवृत्त शिक्षक. त्यांनी एझ्रापासून सुरुवात केली. वरण निवलं, पुऱ्या बसल्या, तरी गोष्ट अजून तिसऱ्या पिढीतच होती. मुक्ता मला खुणा करत होती की, आई, थांबव ना. पण व्याह्यांना थांबवणार कसं?

शेवटी डॅन म्हणाले, "आता तुमच्या घराण्याचं सांगा."

सुहास पणजोबांपर्यंत गेला आणि अडकला. पणजोबा पोस्टात होते एवढंच त्याला ठाऊक. थोडा वेळ विचार करून तो गंभीरपणे म्हणाला, "आमचे पूर्वजसुद्धा पत्रं घेऊन खूप फिरायचे."

पणजोबा तिकीट विकायच्या खिडकीत बसायचे. पण डॅननी ते वहीत लिहून घेतलं. आता दर वर्षी केलेबकडचं कुणी ना कुणी सुहासला विचारतं, "तुमच्याकडेही घोडे होते का?"

*

डॅननी एकदा जेवताना सांगितलेला किस्सा. एझ्राच्या थोरल्या मुलाने दारूचा गुत्ता काढला. बाप धर्मोपदेशक आणि मुलगा गुत्तेवाला. गावाला वाटलं, म्हातारा आला की आग लागणार.

एझ्रा आला. मुलाला काही बोलला नाही. गुत्त्याच्या ओसरीवर उभा राहिला आणि दारूच्या दुष्परिणामांवर तीन तास बोलला. भर ऑगस्टचं ऊन. प्रवचन संपलं तेव्हा दोनशे माणसांचे घसे कोरडे, आणि आसपास उघडं दुकान एकच.

मुलगा म्हणे त्यानंतर बापाला दर उन्हाळ्यात आग्रहाने बोलवायचा.

सगळे हसले. मी विचारलं, "आणि ह्या सगळ्यात एझ्राची बायको काय करत होती?"

डॅन म्हणाले, "अ‍ॅबिगेल? ती वाट बघत होती."

*

डॅनची आई, रूथ आजी, एक्याण्णव वर्षांची आहे. ती ह्या घराण्यात सून म्हणून आली, पण आता तीच घराण्याची मुख्य. दोन तास दक्षिणेला एका लहान गावात एकटी राहते. तिच्याकडून निघालेल्या प्रत्येकाने घरी पोचल्यावर फोन करायचा, हा तिचा नियम. बोलायची गरज नाही, एक रिंग दिली तरी चालते. फोनशेजारी एक पॅड असतं. माणूस निघालं की त्यावर उभी रेघ, फोन आला की तिच्यावर आडवी.

पहिल्या वेळी आम्हाला हे माहीत नव्हतं. येताना आम्ही ग्रोसरीला थांबलो, मग मला कढीपत्ता ताजा दिसला, मग सुहासला कुणी ओळखीचं भेटलं. घरी पोचलो तर दारात पोलिसांची गाडी.

तो तरुण पोलीस बिचारा ओशाळून म्हणाला, "मॅम, दक्षिणेकडच्या एका आजींचं म्हणणं आहे की तुम्ही हरवलात."

सुहासला संताप आला. "ही काय पद्धत झाली यार? आपण काय लहान मुलं आहोत?"

मी मात्र रूथ आजीला फोन लावून माफी मागितली. खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. ह्या देशात माझ्यासारखी आणखी एक बाई आहे, हे तेव्हा कळलं.

*

आता पिशवीची गोष्ट. हाच किस्सा सगळ्यांत जास्त सांगितला जातो.

एकदा एझ्रा घरी असताना नदीला पूर आला. घरात पाणी. अ‍ॅबिगेल नुकती बाळंत झालेली. त्याने बायकोला घोड्यावर बसवलं आणि तान्ह्या मुलीला खोगीरावरच्या पिशवीत घातलं. घोड्याच्या दोन्ही अंगांना लोंबणारी ती चामड्याची जोडपिशवी. एका बाजूला बाळ, तर दुसऱ्या बाजूला तेवढंच वजन हवं. बायबल ठेवलं, पुरेना. मग चुलीवर टांगलेली डुकराची मांडी, म्हणजे हॅम, ठेवली. पूर पार झाला. बाळ झोपलेलंच होतं.

तेव्हापासून घराण्यातलं प्रत्येक नवं बाळ फॅमिली रियुनियनच्या, म्हणजे घराण्याच्या मेळाव्याच्या, दिवशी त्याच पिशवीत ठेवून फोटो काढतात. दुसऱ्या बाजूला बायबल आणि हॅम. आमच्यासाठी हॅमऐवजी भोपळा ठेवायला ते तयार झाले. हॅमचं माझं काही नव्हतंच. माझं होतं ते पिशवीचं.

कारण आमची इरा, मुक्ताची मुलगी, सात आठवडे आधी जन्मली. पाच आठवडे काचेच्या पेटीत होती. तिचा श्वास चुकला की मशीन वाजायचं, आणि ते मशीन अजून माझ्या कानात वाजतं. आता ती पाच महिन्यांची आहे, चांगली गुटगुटीत आहे, पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. आणि ह्या पोरीला दीडशे-दोनशे वर्षं जुन्या चामड्यात ठेवायचं?

"आई, इट्स वन फोटो," मुक्ता म्हणाली. "दहा सेकंद. केलेब पण त्यात बसला होता, ही इज फाइन."

रियुनियनच्या आधी आठवडाभर पिशवी बाळाच्या घरी ठेवायची, अशी रीत आहे. मुक्ताच्या घरी मी इराला सांभाळायला जातेच. दोघं कामावर गेल्यावर मी पिशवीच्या आतून कापसाचा बोळा फिरवला आणि जुन्या लॅबमधल्या मैत्रिणीला जंतू वाढवायच्या प्लेटवर लावून बघायला दिला. चार दिवसांनी तिने फोटो पाठवला. खाली फक्त लिहिलं होतं, "बापरे." मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, पण इथे प्लेटवर सगळं स्पष्ट दिसत होतं.

मग मी ते केलं. रबिंग अल्कोहोल, म्हणजे आपलं स्पिरिट, घेतलं आणि पिशवी आतून-बाहेरून पुसून काढली. झाकणाच्या आतल्या बाजूला पुसताना कापूस निळा झाला. मला वाटलं, जुना रंग असेल. तो जाईपर्यंत घासलं. चामडं कोरडं पडलं म्हणून वरून खोबरेल चोळलं आणि एक दिवस वाऱ्यावर टाकलं. पिशवी अशी देखणी दिसायला लागली की मीच खूश.

*

रियुनियन चर्चच्या हॉलमध्ये होतं. ऐंशी-नव्वद माणसं. डॅन माइकवर आले. पूर, बाळ, हॅम, सगळं झालं. मी पिशवी मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत.

मग ते म्हणाले, "आणि आता झाकणाखालच्या रेघा. एझ्रा घरातून निघाला की अ‍ॅबिगेल पिशवीच्या झाकणाला आतून एक उभी रेघ मारायची. परत आला की तिच्यावर आडवी. अशा एकतीस रेघा आहेत. एका हिवाळ्यात घोडा एकटाच घरी आला, पाठीवर ही पिशवी होती. एकतिसावी रेघ तेवढी मोकळी आहे. आज माझी आई त्या रेघा इराला दाखवणार आहे."

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मला तो निळा झालेला कापूस आठवला. दोनशे वर्षं जपलेली ती रेघ मी कापसाने पुसली होती. आता ह्या सगळ्यांपुढे झाकण उघडणार, आणि माझ्या मुलीला ह्या घरात जन्मभर मान खाली घालायला लागणार.

रूथ आजी काठी टेकत माझ्यासमोर आली. पिशवीजवळ वाकली, वास घेतला.

"काय लावलंस?"

"खोबरेल," मी म्हणाले.

"किचनमध्ये ये," ती म्हणाली, आणि डॅनला सांगितलं, "एक गाणं म्हणून घ्या."

किचनमध्ये तिने दार लावलं, झाकण उघडलं. आत काही नव्हतं. मी रडायला लागले. "इराची तब्येत... मला भीती वाटली... मी अल्कोहोलने..."

"मीसुद्धा अल्कोहोलनेच पुसली होती," रूथ आजी म्हणाली. "डॅनच्या वेळी. माझ्या सासूने व्हिनेगर वापरलं होतं, तिच्या सासूने काय ते तिलाच माहीत." तिने पर्समधून निळं बॉलपेन काढलं आणि माझ्या हातात दिलं. "काढ. माझा हात आता थरथरतो."

"एकतीस?"

"तेवढीच जागा आहे."

मी काढायला लागले. उभी, आडवी. उभी, आडवी. बाहेर गाण्याचं दुसरं कडवं चालू झालं. रूथ आजी बोट ठेवून मोजत होती.

"शेवटची मोकळी ठेव," ती म्हणाली. "मी नव्हती ठेवली, तर सासूने पुसायला लावली होती."

मी मान हलवली. एकतिसावी उभी रेघ काढली. हॉलमधून इराच्या रडण्याचा आवाज आला, मग एकदम थांबला. ती मोकळी रेघ मला बघवेना; मी त्या रेघेवर आडवी मारली.

रूथ आजीने रेघेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ओट्यावरचं फडकं उचललं, ते भिजवायला नळापाशी गेली. पण नळ काही सोडला नाही. मग कोरडं फडकं जागच्या जागी ठेवून परत आली आणि तिने झाकण बंद केलं.

"चल," म्हणाली, "बाळाला आण."