बाकावरून पाहिलेलं माहेर

लिश्टेनश्टाइन नावाच्या देशात मी आजवर पाऊल टाकलेलं नाही. तरी तिथल्या एका घराची स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या डोंगराकडे उघडते, मागच्या अंगणातलं कुठलं सफरचंदाचं झाड आंबट आणि कुठलं गोड, हे मला पाठ आहे. डोळे मिटले की अजून दिसतं. स्वप्नातलं घर असतं ना, आपण कधी न गेलेलं पण जिन्याची पायरी कुठे मोडकी ते माहीत असलेलं, तसं.

हे सगळं आमच्या जर्मनीतल्या, ब्योब्लिंगेनच्या घरमालकीणबाईंमुळे. दोन हजार सालानंतरची ती पहिली चार-पाच वर्षं. नवरा मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, मी घरी. आम्ही वरच्या मजल्यावर, त्या खाली एकट्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मी त्यांना आजीच म्हणायची. अर्थ सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "हो, हो, चालेल."

सुरुवात मात्र भांडणानेच झाली. तिकडे केअरवोखे म्हणून एक प्रकार असतो. आठवडाभर जिना, तळघर, दारासमोरचा फुटपाथ झाडायची पाळी, आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी. माझी पहिली पाळी आली. मी जिना झाडला, पुसला, वर दोनदा पुसला. आजी आल्या, कठड्याच्या खालच्या अंगाने बोट फिरवलं आणि ते काळं बोट माझ्या नाकासमोर धरलं. माझ्या नाकावर राग आधीच बसलेला! माझ्या सख्ख्या सासूबाईंनी कधी असं बोट दाखवलं नव्हतं. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मी फाडकन म्हटलं, "तुम्हा जर्मन लोकांना दुसरी कामं नाहीत का हो?"

त्यांनी बोट ॲप्रनला पुसलं. "मी जर्मन नाही," त्या म्हणाल्या. "लग्न करून इथे आले. तुझ्यासारखीच."

मग मला खाली कॉफीला नेलं. टेबलावर सफरचंदं सोलत बसल्या. एक लांबच लांब साल निघाली, ती त्यांनी मेणकापडावर उभी पसरली. ही ऱ्हाईन नदी. नदीपलीकडे स्वित्झर्लंड. इकडे पावाचा तुकडा ठेवला, तो डोंगर, त्यामागे ऑस्ट्रिया. साल आणि पाव यांच्यामध्ये चार बोटं जागा उरली.

"हा माझा देश."

"एवढाच?"

"एवढाच. खालच्या टोकाकडून सकाळी चालत निघालं तर वरच्या टोकाला संध्याकाळच्या जेवणाला पोचतो." समुद्र नाही, आणि दोन शेजारी आहेत त्यांनाही समुद्र नाही. विमानतळ नाही, सैन्य नाही, नाणी शेजाऱ्याची. आणि वर डोंगरावरच्या गढीत राजा राहतो.

"म्हणजे आमचं संस्थानच की!" मी ओरडले. माझं माहेर कऱ्हाडचं. औंधचं संस्थान, फलटणचं संस्थान, कुणाच्या आजोबांनी राजांना मुजरा केलेला, हे ऐकतच मी वाढले होते. आमची संस्थानं विलीन झाली, ह्यांचं एक तेवढं राहून गेलं होतं. त्या म्हणाल्या, वर्षातून एकदा सगळी प्रजा गढीच्या बागेत जाते आणि राजा सगळ्यांना बिअर पाजतो. कधी? पंधरा ऑगस्टला.

"अगं बाई, पंधरा ऑगस्ट तर आमचा!"

"तुम्हाला बिअर मिळते?"

"चॉकलेट मिळायचं. शाळेत."

त्या दिवसापासून आमचं जमलं. हिवाळ्यात चारच्या सुमारास अंधारून यायचं. त्या दिवा लावायच्या नाहीत, आणि त्या अर्धवट उजेडात त्यांचा देश हळूहळू खोलीत यायचा. दक्षिणेकडून येणारा गरम वारा, फ्योन म्हणतात त्याला. तो सुटला की डोंगर एकदम जवळ येतात, हात लावावा इतके, माणसांचं डोकं दुखतं आणि बर्फ पाणी होऊन पळतं. गायी वरच्या कुरणांवरून फुलं माळून खाली उतरतात. सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे खोटं बोलायची सोय नाही. ऐकता ऐकता माझी कॉफी गार व्हायची. कधी कधी मला कळायचंच नाही की हा त्यांचा देश की माझा कृष्णाकाठ.

पण भावाचा विषय निघाला की आजी दिवा लावायच्या.

गोष्ट अशी होती. परक्या देशातल्या माणसाशी लग्न केलं म्हणून त्यांचं नागरिकत्व गेलं. तेव्हाचा कायदाच तसा. ते त्यांनी गिळलं. जर्मनीत आल्यावर त्या मत द्यायला लागल्या आणि तिकडे, राजाच्या देशात, त्यांची आई मत देऊ शकत नव्हती. बायकांना मतच नव्हतं! सत्तरच्या दशकात दोनदा सार्वमत झालं. बायकांना मत द्यावं का, हे फक्त पुरुषांना विचारलं, आणि पुरुषांनी दोन्ही वेळा नाही म्हटलं. आजींनी भावाला फोन करून विचारलं, तू काय म्हणालास? तो म्हणाला, दोन्ही वेळा नाही. "आईला घर सांभाळायला पुरेसं आहे, तिला आणखी ते कशाला?" आजींनी फोन आपटला. मध्ये आई गेली, एकदाही मत न देता. आजी मातीला गेल्या, चर्चमध्ये मागे उभ्या राहिल्या आणि घरात पाय न ठेवता परतल्या. पुढे काही वर्षांनी तिसऱ्या सार्वमतात अगदी थोडक्याने 'हो' झालं, ते त्यांनी रेडिओवर ऐकलं. तोवर भावाबहिणीत बोलणंच उरलं नव्हतं. सुंभ जळतो, पीळ जळत नाही, म्हणतात ते काही खोटं नाही.

आणि मग एका सप्टेंबरात भावजयीचा फोन आला. भावाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. आता उठून बसतो, काठी घेऊन अंगणात फिरतो. तुमचं नाव काढत नाही, ती म्हणाली, पण रस्त्याकडे बघत बसतो.

आजी दोन दिवस नुसत्या जिना पुसत होत्या. माझी पाळी असूनसुद्धा! शेवटी मीच खाली गेले. "जायचं नाही का तुम्हाला?"

"जायचंय. पण त्याने दार उघडलं आणि काही बोललाच नाही तर? त्या दारात मी एकटी उभी राहू शकत नाही." सत्तरी ओलांडलेली ती खमकी बाई, पण आवाज लहान मुलीचा झाला होता.

मी त्यांना पाठराखीण सांगितली. आमच्याकडे नवी नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा सोबत घरातली एखादी बाई धाडतात. तिने काही करायचं नसतं, फक्त बरोबर असायचं. त्यांनी विचारलं, "माहेरी जाताना चालते का ती?"

"न चालायला काय झालं!"

निघायच्या सकाळी मी त्यांची ओटी भरली. नारळ मिळाला नाही, सफरचंद ठेवलं, तांदूळ बासमती, खणाऐवजी हात पुसायचा नवाकोरा नॅपकिन. विधवेची ओटी भरत नाहीत म्हणे. भरली मी. कोण विचारतंय ब्योब्लिंगेनमध्ये? स्वतः चांगली काठापदराची साडी नेसले, माहेरी चालली होती ना माझी म्हातारी.

आगगाडीने उल्म, मग बोडन तळ्याच्या काठाकाठाने ऑस्ट्रियातलं फेल्डकिर्श. पाणी आणि आभाळ एकच झालेलं, मध्ये एक पांढरी बोट. आजी हातातली पिशवी सोडत नव्हत्या. फेल्डकिर्शहून सीमेपलीकडे जाणारी बस पकडली. आजींचं गाव सीमेपासून हाकेच्या अंतरावर.

सीमेवर बस थांबली आणि एक स्विस गणवेशवाला आत चढला. हो, स्विस! त्या देशाच्या ह्या दारावर राखणदारही शेजाऱ्याचा. भरल्या बसमध्ये त्याने पासपोर्ट मागितला तो मलाच. का, ते सांगायला नको. त्याने पानं उलटली, पुन्हा उलटली. जर्मनीत राहायचा परवाना होता, त्याच्या जोरावर आम्ही स्ट्रासबुर्ग, साल्झबुर्ग हिंडून आलो होतो आणि कुत्र्यानेही विचारलं नव्हतं. स्वित्झर्लंडला वेगळा व्हिसा लागतो, हे तेव्हा आपल्या सगळ्या मंडळींना पाठ होतं. पण हा तर वेगळा देश! आदल्या दिवशी नवरा छातीठोकपणे म्हणाला होता, "अगं, स्वित्झर्लंडचा व्हिसा स्वित्झर्लंडला. तू कुठे चाललीयस तिकडे?" आणि आजी म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे येतंय कोण, अडवायला?" देश वेगळा, राजा वेगळा, पण दाराची किल्ली स्विस माणसाच्या खिशात. हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

आम्ही दोघी खाली उतरलो. आजी त्या माणसावर तुटून पडल्या, "ही माझ्याबरोबर आहे! मी इथे जन्मले!" त्याने शांतपणे त्यांचा पासपोर्ट पाहिला. तो जर्मन होता. स्वतःच्या गावात शिरायला त्यांना परक्या देशाचा पासपोर्ट दाखवावा लागला. "तुम्ही जाऊ शकता," तो म्हणाला. "ह्या नाही."

"मग मीही जात नाही." आणि त्या खरोखर वळल्या, फेल्डकिर्शच्या दिशेने चालूच लागल्या.

मला असा काही संताप आला! माझ्यावर, नवऱ्यावर, त्या स्विसावर, सगळ्यांत जास्त ह्या म्हातारीवर. मी त्यांचा दंड धरला. "अहो आजी, इतक्या लांब आलात ते माझ्या तोंडाकडे बघायला? पाठराखीण उंबरठ्यापर्यंतच असते. उंबरठा ज्याचा त्याने ओलांडायचा." शुद्ध थाप होती. पाठराखीण चांगली चार दिवस राहून लाडू खाऊन येते. पण त्यांना काय माहीत!

"तू थांबशील?"

"त्या बाकावर. हलणार नाही."

त्या निघाल्या. चार पावलं टाकायच्या आणि मागे वळून बघायच्या, मी आहे ना. मी हात करायची. पुन्हा चार पावलं, पुन्हा मागे. रस्ता वळला तिथे त्या इतका वेळ थांबल्या की मला वाटलं, आता फिरणार माघारी. पण गेल्या.

बाक ऑस्ट्रियाचा होता, समोरचं सगळं लिश्टेनश्टाइनचं. वारा गरम होता. फ्योनच असणार, कारण डोंगर अंगावर आले होते आणि माझं डोकं जड झालं होतं. हिरवा उतार, घरं, एक घंटा कुठेतरी वाजत होती. मी मेणकापडावरचा देश समोरच्या देशावर ठेवून पाहिला. ती साल तिकडे, तो पाव इकडे. मधल्या चार बोटांत एक म्हातारी चालत होती. आता ती वळणावर असेल, आता गोड झाडापाशी, आता दारात. मग मला कऱ्हाडचं आमचं दार दिसायला लागलं. दोन वर्षं मी गेले नव्हते. बाबा संध्याकाळी व्हरांड्यात बसून फाटकाकडे बघतात, असं वहिनी फोनवर सांगायची. कधीतरी डोळे मिटले असावेत. दोन्ही दारं एकच झाली.

"किंड!" आजींची हाक आली. पोरी.

मी डोळे उघडले तर समोर तिघं. आजी, एक गोल चेहऱ्याच्या बाई हातात झाकलेलं पातेलं घेऊन, आणि काठी टेकत एक उंच, वाळलेला म्हातारा, आजींचंच नाक लावलेला. जीव भांड्यात पडला माझा. तो स्विस तिघांकडे बघत राहिला, अडवणार काय, त्यांना तर दोन्हीकडे मोकळं रान.

"दार उघडून काही बोलला का?" मी हळूच विचारलं.

"नाही बोलला," आजी म्हणाल्या. "तुझं सांगितलं तेव्हा काठी घेतली आणि म्हणाला, तुला इथवर आणणारी बाहेर उपाशी बसलीय, आधी तिला बघू."

बाकावरच पंगत बसली. पातेल्यात चीजमधल्या पिठाच्या गोळ्या, वर तळलेला कांदा, सोबत सफरचंदाचा मुरंबा. म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने मला वाढलं. त्यांची बोली मला कळत नव्हती; आजी मधूनमधून साध्या जर्मनमध्ये सांगायच्या. मग तो काहीतरी म्हणाला आणि आजींचा चमचा हवेतच थांबला.

"काय झालं?"

"म्हणतोय, तिसऱ्या वेळी त्याने हो म्हटलं होतं." त्या त्याच्याकडे वळल्या, आणि ह्या वेळी दोघं साध्या जर्मनमध्ये बोलले, बहुधा मलाही कळावं म्हणून.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

"आणि आईला?"

"तिला दर रविवारी सांगतो," तो म्हणाला. "कबरीपाशी जाऊन. ती काही बोलत नाही."

आजी रडल्या. मीही रडले, मला कुठलं थांबवता येतंय? भावजयीने मात्र डोळे पुसले नाहीत. तिने पिशवी उघडली आणि मला खुणेने पदर पसरायला सांगितला. ओटीची गोष्ट आजींनी तिला वाटेत सांगितली होती. तिने माझ्या पदरात सफरचंदं घातली, एकेक करून, आंबट कुठली आणि गोड कुठली ते बोटाने दाखवत. माहेराहून इतक्या लांब, एका सीमेवरच्या बाकावर कुणी माझी ओटी भरेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग म्हातारा काठी टेकून उभा राहिला आणि आजींना म्हणाला, "चल. आज तूच सांग आईला."

आजींनी माझ्याकडे पाहिलं. "जा," मी म्हटलं, "शेवटच्या गाडीला वेळ आहे."

त्या गेल्या. मी पदरात सफरचंदं धरून बघत राहिले. सीमेचं फाटक, उतार, ते वळण. ह्या खेपेला त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.