कुंपणातलं खिंडार

आमच्या शेजारचे मोजणीदार म्हणजे नाकासमोर चालणारे गृहस्थ. जन्मभर मोजणीखात्यात राहून त्यांनी लोकांच्या हद्दी लावून दिल्या आणि निवृत्त झाल्यावरही तो किडा काही गेला नाही. घरातलं टेबल सरकवलं तरी भिंतीपासूनचं अंतर दोन्ही टोकांना मोजायचे. बोलणं मात्र तोलूनमापून. इतकी वर्षं शेजारी राहून त्यांचं आमच्याशी संभाषण काय, तर "पाणी आलं का?" आणि नसलं आलं तर "अजून नाही?"

माझं खरं नातं त्यांच्या बायकोशी, वहिनींशी. दोन्ही घरांच्या मागे बागा आणि मधे काटेरी तार. त्या तारेत एका ठिकाणी खिंडार होतं. खालची तार पायाने दाबून आणि वरची हाताने उचलून आम्ही दोघींनीच ते केलं होतं. साखरेची वाटी, मी शिवून दिलेले कपडे, सासवांच्या कागाळ्या, सगळी वाहतूक तिथूनच चालायची. मोजणीदारांना ते अजिबात पसंत नव्हतं. "समोर फाटक असताना हे कशाला?" म्हणून रोज कुरकुर. वहिनी म्हणायच्या, "फाटक पाहुण्यांसाठी." मोजणीदार स्वतः जन्मात त्या खिंडारातून आले नाहीत. आमच्याकडे काम निघालंच तर रस्त्याने वळसा घालून यायचे आणि दाराशी चपला सरळ रेषेत काढून ठेवायचे.

वहिनींना मुळात ती तारच नको होती. त्यांना झाडांचं कुंपण हवं होतं, तेही रोपवाटिकेतलं शोभेचं नव्हे. ओढ्याकाठी आपसूक वाढते ती निर्गुडी, तो अडुळसा, असं इथल्या मातीतलं. फार पाणी मागत नाही, शेळ्या तोंड लावत नाहीत, पाखरं येतात. मोजणीदारांचा विरोध एकाच मुद्द्यावर. "हद्द ही रेघ असते. झुडूप हे असं जाड. त्यात रेघ शोधायची कुठं?" हा वाद वर्षानुवर्षं चालला, आणि गेल्या वर्षी ऐन थंडीत साध्या तापाचं निमित्त होऊन वहिनी गेल्या.

त्यानंतर माझं तिकडे जाणं थांबलं. जाऊन बोलायचं कुणाशी? पाणी आलं का, हे विचारायला?

यंदा जमीन ओली झाली आणि एका सकाळी मागे खणाखण ऐकू आली. बघते तर मोजणीदार तार उपटतायत. दोन दिवसांत खांबसुद्धा निघाले. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणली, चर खणला, आणि ओढ्याकाठच्या निर्गुडीच्या नि अडुळशाच्या फांद्या सायकलवरून येऊ लागल्या. मी खिडकीत भांडी विसळत होते. डोळ्यांत पाणीच आलं, आणि रागही. आत्ता सुचलं? ती बिचारी जिवंत असताना नाही सुचलं!

लावणी झाली. सगळी रांग भरली, फक्त पाण्याच्या टाकीपाशी एक माणूस जाईल एवढी जागा मोकळी. मला बरं वाटलं. म्हटलं, आठवण ठेवली म्हणायची. पण दुसऱ्या दिवशी ती जागा बुजली आणि पुढे पेरूपाशी नवी झाली. मग तीही बुजली आणि कपडे धुवायच्या दगडासमोर उघडली. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी खिडकीत उभी, आज दार कुठे? काही म्हणता काही कळेना. कुंपणावरून हाक मारली, "काय चाललंय?" तर मोजणीदार ताकास तूर लागू देईनात. "बघतोय," एवढंच.

आमचे हे आरामखुर्चीतून म्हणाले, "त्याला कुंपण घालायचंय की बुद्धिबळ खेळायचंय?"

"तुम्हाला थट्टा सुचते. मला वाटतं, मी यायला नको असेन."

"तू तर वर्षभर गेलीच नाहीस."

हे खरं होतं, म्हणून मला जास्तच झोंबलं.

आणि मग एका सकाळी बघते तर सगळी रांग बंद. या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेच जागा नाही. मला कुणी तोंडावर दार आपटल्यासारखं वाटलं. वहिनी गेल्या, आता ही बाई कशाला, असाच त्याचा अर्थ. दुसऱ्या दिवशी उठून पाहिलं, तर दगडासमोरची दोन रोपं पुन्हा उपटलेली, मुळांना ओलं फडकं गुंडाळून बाजूला ठेवलेली! आता मात्र माझं डोकं फिरलं. पदर खोचला, रस्त्याने वळसा घातला आणि मोजणीदारांची घंटी वाजवली. इतक्या वर्षांत पुढच्या दाराने मी पहिल्यांदाच गेले.

त्यांनी दार उघडलं आणि गोंधळून माझ्याकडे पाहत राहिले. मला आत घ्यायचं कसं, बसवायचं कुठे, त्यांनाही कळेना आणि मलाही. मी उभ्या उभ्याच सुरू केलं.

"मोजणीदार, एकदा काय ते सांगून टाका. मी यायला नको असेन तर तसं तोंडावर म्हणा. रोज ही उघडझाप कशाला?"

"तुम्ही यायला नको?" त्यांचा चेहरा कोरा. "असं कोण म्हणालं?"

"मग घोडं पेंड खातंय कुठं?"

ते मागच्या दाराने बागेत गेले. मी मागोमाग. रांगेसमोर उभं राहून त्यांनी हळूच विचारलं, "खिंडार नेमकं कुठं होतं हो?"

मी रांगेकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"हद्द लावली मी. बोटभर चूक निघणार नाही. पण ते काही सापडेना. कुठल्या नकाशात नव्हतं ना."

"अहो, मग खांब काढायच्या आधी खूण करायची!"

"मला वाटलं, ठाऊक आहे. रोज ओरडायचो ना त्याच्यावरून." त्यांनी हातातली माती झटकली. "टाकीपाशी ठेवलं, तर वाटलं, ती टाकीला वळसा घालणार नाही. पेरूपाशीही पटेना. शेवटी म्हटलं, चुकीच्या जागी ठेवण्यापेक्षा नकोच. तर तेही बघवेना."

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी त्यांची गत. मला हसूच आलं. "एवढंच ना? थांबा, दाखवते. शेकडो वेळा गेलेय मी तिथून."

मी तरातरा निघाले. रांगेपाशी गेले, थांबले. चार पावलं मागे आले. पुन्हा पुढे. सगळीकडे सारखंच गवत, सारखीच उकरलेली माती. खिंडार पायांना ठाऊक होतं, मी कधी बघितलंच नव्हतं, आणि पाय वर्षभर इकडे फिरकले नव्हते. मलाही माहीत नाही म्हटलं, तर मग ते कुणालाच माहीत नव्हतं. मोजणीदार माझ्या पायांकडे बघत उभे.

"इथं," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की. डोळे मिटून सांगेन."

जन्मभर मोजणीची साखळी टाकल्याशिवाय कुणाच्या शब्दावर एक खुंटी न ठोकलेला हा माणूस! खाली बसला, तिथली रोपं मातीच्या ढेकळासकट उचलली आणि दगडासमोरच्या मोकळ्या जागेत लावली. टेप काढली नाही. मी नव्या वाटेने माझ्या बागेत आले आणि मागे वळून म्हटलं, "या की."

"मी?"

"मग काय, रस्त्याने वळसा घालणार?"

ते आले. वर तार नव्हती, रोपं गुडघाभरसुद्धा नव्हती, तरी वाकून आले. आमच्या बागेत उभं राहून त्यांनी स्वतःच्या घराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"स्वयंपाकघराचं दार दिसतं इथून."

"दिसतं."

"मी संध्याकाळी त्याच दारात बसायचो. उशीर केला म्हणून ओरडायला." मग म्हणाले, "तिला मी दिसत असणार."

"दिसायचात की. म्हणायच्या, आमचे बसलेत बघा, चला, जाते मी आता." एवढं मात्र मी अगदी खरं सांगितलं.

मोजणीदारांनी मान हलवली. "मग बरोबर. जागा हीच."

आता, ते दार आमच्या कुंपणाच्या कुठल्याही टोकावरून दिसतं. ज्याने उभा जन्म मोजणीत घालवला त्याला हे कळत नसेल? मला काही अंदाज लागेना. ते बोलले नाहीत, मीही बोलले नाही.