नऊ वाजताचं दूध

चंद्रीची पोर माझ्या मांडीवर व्हती आनि एकदम तिची मान ढिली पडली. मी वरडले, "चंद्रे, धाव गो!" चंद्री खळ्यावर जवळा वाळायला पसरत व्हती. त्या दिवशी पसरला नसता तर सगळा सडला असता, म्हून पोर माझ्यापाशी ठेवून गेलेली. ओल्या हातानं तशीच धावत आली. पोरीला रात्रीपासून उलट्या नि जुलाब. डोळे आत गेले, ओठ सुकले.

"तुळशे, काल काय दिलंस तिला?"

दूध दिलं व्हतं. मीच दिलं व्हतं.

मी आमच्या कोळीवाड्यातल्या दूध-केंद्राची बाई. चौथी शिकलेली हाय, रजिस्टर लिवता येतं, म्हून मला ठेवली. काम असं. परदेशातून दुधाची पावडर येते, पुठ्ठ्याच्या गोल पिंपातून. पानी उकळायचं, कोमट करायचं, मापानं पावडर टाकून घोटायचं, गुठळी राहू द्यायची न्हाय. नऊ वाजता पोरांनी माझ्यासमोर बसून प्यायचं. उरलं तर ओतून टाकायचं. आला त्याची खूण करायची, न्हाय आला त्याची फुली.

मी तालुक्याच्या साहेबांना पयल्याच दिवशी इचारलं व्हतं, "साहेब, हे कोन पाठवतं?"

"श्रीमंत देशातले लोक. त्यांच्याकडे दूध जास्त होतं."

"आनि आमाला फुकट का देतात?"

"तुमची पोरं वाढावीत म्हणून, बाई."

चावडीवर पांडूकाका जाळं विणता विणता बोलले, "आज दूध देतात. उद्या आपला दर्या मागतील, बघ." सगळे हसले. मला तो वाद कळत न्हाय. पोरांच्या दंडाला मांस चढत व्हतं, तेवढं दिसत व्हतं. पांडूकाकांचा नातू पन रोज पयला येऊन बसायचा.

फक्त एक घोळ व्हता. होड्या भरतीवर येतात आनि भरतीची येळ रोज सरकते. होडी लागली की समद्या बाया किनाऱ्यावर. मासळी निवडायची, जवळा पसरायचा. कडेवरचं पोर कोन आननार केंद्रावर? मी साहेबांना सांगितलं. ते बोलले, "वेळ वरून ठरते, बाई. तिकडून कागद येतो. आणि फुल्या जास्त झाल्या तर पिंपं दुसऱ्या गावाला जातील."

पोरीची मान पडली त्याच्या आदल्या दिवशी नेमक्या नऊलाच होड्या लागल्या. दूध समद्यांचं घोटून झालेलं. आली मोजकीच पोरं. अर्ध्याच्या वर टोप भरलेलं तसंच.

ओतायचं व्हतं. मी टोप उचललं पन, पायरीपर्यंत नेलं. आमच्याकडं कुनाच्या दारात म्हैस न्हाय. एवढं दूध मातीत कसं ओतू? आनि एवढ्या फुल्या कशा मारू? मी टोपावर ओलं गोणपाट टाकलं, सावलीत ठेवलं. वैशाखातली सावली ती. दोन वाजता बाया आल्या, घामानं निथळत. मी दूध हुंगलं. वास आला थोडा. पन त्या पावडरीला वास असतोच, म्हून मला वाटलं ठीक हाय. दिलं.

बाकीच्या पोरांची पोटं दुखली नि बरी झाली. चंद्रीची पोर समद्यात बारकी. बैलगाडीत घालून मुरुडच्या दवाखान्यात न्यायला निघालो. मी पन गाडीत व्हते. माडाची वाडी वलांडली नि चंद्री बोलली, "गाडी थांबवा. आता कशाला."

माझा बबन अजून अंगावर पितो. ते दूध त्यानं घेतलंच न्हवतं. हे मला कुनी इचारलं न्हाय. मीच सांगते.

तिसऱ्या दिवशी साहेब आले. हळू आवाजात बोलले, "नऊला दिलं, असं लिहा. पोर आधीच आजारी होती."

"आनि खरं लिवलं तर?"

"तर केंद्र बंद. ते लोक म्हणतील, यांना देऊन उपयोग नाही."

चंद्रीच्या दारात अजून पोरीचं झबलं वाळत व्हतं. मी लिवलं, दोन वाजता दिलं. त्याच्याखाली लिवलं, येळ भरतीवर ठेवा म्हंजे पोरं येतील. साहेबांनी वाचलं. रजिस्टर मिटलं.

आठ दिवसांत गाडी आली नि पिंपं घेऊन गेली. भरतीचं कुनी वाचलं का, ठाऊक न्हाय. चावडीवर या वेळी कुनी हसलं न्हाय, पांडूकाका पन न्हाय. विहिरीवर एक बाई तोंडावर बोलली, "तुजं मन हलकं झालं गो. आमच्या पोरांच्या पोटाचं काय?"

मी शिकले ते एवढंच, की घड्याळ दूर असलं तरी टोप आपल्या हातात असतं. ओतायचं ते ओतायचं. शिकले ते उशिरा.

पिंपं गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्राची ओटी झाडत व्हते. समोर चंद्री उभी. हाताला थोरली लेक, लेकीच्या हातात जर्मन धातूचा पेला. चंद्रीनं माझ्याकडं बघितलं न्हाय. रिकाम्या कोपऱ्याकडं बघत बोलली, "दूध न्हाय व्हय आज?"

मी काय बोलू? तुमी सांगा. त्या रजिस्टरात तुमी काय लिवलं असतं?