बरणीत अळ्या होत्या

मेलेल्या अळ्या वेचणं, हे आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम.

हरभरा घाट्यावर आला होता. ऊन वर आलं तरी झाडाची आंब, पानांवरचं ते आंबट दव, पायाला चरचरत होती. बायको पुढं, मी मागं, असे आम्ही तासातासानं, पिकाच्या ओळी धरून चाललो होतो. घाटे अळी दिसली की फवारा मारायचा, एवढंच मला आजवर ठाऊक. पण काही अळ्यांना आपसूक रोग लागतो. रोगाची अळी खाणं सोडते, झाडाच्या शेंड्यावर चढते, मागच्या पायांनी फांदी धरते आणि डोकं खाली करून लटकते. मग काळी पडते. बोट लागलं की फुटते आणि आतून नुसतं पाणी निघतं. माझी बायको अशा लटकलेल्या अळ्या काटा काढायच्या चिमट्यानं उचलून प्लास्टिकच्या बरणीत टाकत होती. आमच्या पोरीनं फोनवर मागितल्या होत्या.

"लोक देवाले फुलं वेचतात, आपुन मढे वेचून राह्यलो," मी म्हणालो.

"तुमाले कोन बलावलं? जा, बसा पारावर बिड्या फुकत."

"कोनं पाह्यलं तं काय म्हनन?"

"म्हनन का बुढीनं बुढ्याले कामाले लावलं. चांगलंच हाय. बरनी धरा नीट."

पोरगी आमची एकुलती. शहरात एका प्रयोगशाळेत आहे. तिथं अळीच्या अंगातल्या पेशी बाटलीत वाढवतात. अख्खी अळी नाही, नुसत्या पेशी. त्या पेशींना हाच अळीचा रोग लावतात, आणि त्यातून माणसाच्या औषधाचा माल काढतात. मी चौथी शिकलेला. मला पोरीनं दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा मी मान हलवली आणि काही कळलं नाही. बायको माझ्याहून कमी शिकलेली. त्या दिवशी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, पाणी प्यायला बसलो तेव्हा तिनं मला सांगितलं.

"आपुन कोंबडीखाली दुसरीची अंडी ठेवतो का नाई? तिले काई समजत नाई, ते आपली उबवत बसते. तसंच हाय हे. हा रोग अयीच्या अंगात शिरते अन् तिच्याकडून सोताच्या कामाचं बनवून घेते. पोरगी काय करते, त्या रोगातलं त्याचं एक काम काहाडते अन् तिथी आपलं ठेवते. मंग अयीचं अंग आपलं काम करते."

"अन् इथल्याच अया काहून पायजे तिले? शहरात अया नाईत?"

"इथला रोग येगळा निंघते का, थे पाहाचं हाय तिले. आपल्या वावरातला."

'आपल्या वावरातला' म्हणताना तिचा चेहरा असा झाला होता, जसा दुसऱ्या बायकांचा पोराला नोकरी लागल्यावर होतो. माझा झाला नाही. खरं सांगतो, मला पोरीच्या कामाची लाज वाटायची. पारावर कोणी विचारलं तर मी 'दवाखान्यात हाय' म्हणून सांगायचो. पोरगी एवढी शिकली आणि किडे पाळते, असं लोकांनी म्हणावं, हे मला सोसलं नसतं.

घरी आल्यावर बायकोनं बरणी फ्रिजात दुधाशेजारी ठेवली. मी कुरकुरलो. त्याच संध्याकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या तिच्या छातीत कळ आली. जीप लगेच मिळाली, पण रिसोडच्या दवाखान्यापर्यंत ती पोचली नाही. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्याच्यावर मला जास्त लिहिता येत नाही.

राख सावडून आलो त्या दिवशीची गोष्ट. पोरगी मातीला आलेल्या जावयाला गाडीवर बसवून द्यायला रिसोडला गेली होती. घरात बायकांनी धुणं-सारवणं काढलं होतं. माझ्या मोठ्या भावाची बायको, म्हणजे माझी भावजय, घरातलं शिळंपाकं सगळं बाहेर काढत होती. तिनं फ्रिज उघडला. बरणी उजेडात धरली. आत काळ्या अळ्या, खाली काळं पाणी.

"माय माय माय! हे काय व्हय?"

अंगणात माणसं बसली होती, ओसरीत बायका. बरणी एकीच्या हातून दुसरीच्या हाती गेली. कोणी हुंगली, कोणी तोंडाला पदर लावला. मग भावजय म्हणाली, "मी म्हनतच व्हती, चांगली धडधाकट बाई अशी कशी गेली? करनी केली कोनंतरी."

एकदा तो शब्द निघाला, मग काय! बरणीच्या झाकणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. आमच्या गल्लीतल्या बायका आपापल्या भांड्याला खूण करतात, लग्नाकार्यात हरवू नये म्हणून. ठिपका कोणाचा हे सगळ्यांना ठाऊक. शेजारीणबाईचा. ती एकटी राहते, माझ्या बायकोची मैत्रीण. दोघी सोबत निंदायला जायच्या, सोबत भांडायच्या, सोबत हसायच्या. त्याच वेळी ती डोक्यावर टोपली घेऊन अंगणात आली. आमची चूल बंद होती म्हणून पिठलं-भाकर घेऊन आली होती.

"हे बरनी तुही व्हय का वं?" भावजयीनं विचारलं.

"माहीच हाय. तिनं मांगून नेल्ती."

"अन् आतमंदी हे काय भरलं तुनं?"

तिनं पाहिलं. तिलाही किळस आली. "मी रिकामी देल्ती. आतमंदी काय टाकलं मले काय मालूम? भाऊजीले इचारा नं. थे तं घरातच व्हते."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

मला एवढंच म्हणायचं होतं की हरभऱ्यातल्या अळ्या आहेत, आम्हीच वेचल्या, पोरीला पाहिजेत. पण मग पुढचं विचारलं असतं. पोरगी अळ्यांचं काय करते? दवाखान्यात आहे ना? आणि माझी बायको मरायच्या दिवशी सडक्या अळ्या वेचत फिरत होती, हेही सांगावं लागलं असतं. मी मान खाली घातली.

"मले काय मालूम," मी म्हणालो.

शेजारीण माझ्याकडं पाहतच राहिली. तिला अळ्यांचं काही ठाऊक नव्हतं, पण मी खोटं बोललो हे तिला कळलं. मी वर पाहिलं नाही तरी मला समजलं.

गल्लीतल्या पोरांनी बरणी शिवेबाहेर नेऊन जाळली. पिठलं-भाकरीला कोणी हात लावला नाही. भावजयीनं टोपली उचलून तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "आता या घरात पाय नको ठेवू." ती टोपली घेऊन गेली.

दिवस कलला तेव्हा पोरगी आली. पाय धुतले आणि सरळ फ्रिजाकडं गेली.

"बाबा, आईची बरनी कुठी हाय?"

भावजय तोवर आपल्या घरी गेली होती. मी पोरीला सगळं सांगितलं. तिला खोटं सांगता आलं नाही, आणि आलं असतं तर तेही सांगितलं असतं, असा मी माणूस आहे.  मला वाटलं, बरणीसाठी रडेल. शेवटी आईच्या हातचं ते एवढंच उरलं होतं.

"बरनीचं जाऊ द्या," ती म्हणाली. "वावरात अजूक असतीन अया. पन शेजारच्या काकूले काहून फसवलं?"

"मी कोठी फसवलं? मी तं काई बोललोच नाई."

"थेच तं."

मग ती म्हणाली, "बाबा, बायकाईच्या पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होते नं, त्याची एक लस अशाच अयीच्या पेशीत बनते. मी दिवसभर ह्याच पेशी सांभायते. मले लाज नाई वाटत. आईले नाई वाटली. तुमालेच कायची वाटते?"

 कायची वाटते, हे मलाच धड माहीत नव्हतं. आता माहीत आहे. तेव्हा पोरीची वाटत होती, आता माझी वाटते. ही दुसरी लाज पहिलीसारखी नाही. ती लपवता येत नाही, कारण ज्याच्यापासून लपवायची तो मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर गेलो. गडीमाणूस नळावर जात नाही, त्यात सुतकातला. बायका बाजूला सरल्या. भावजय होती. शेजारीण सगळ्यांच्या मागं उभी होती, तिच्या आणि बाकीच्यांच्या मध्ये जागा सोडलेली. मी मोठ्यानं बोललो. बरणीत करणी नव्हती, आमच्या हरभऱ्यातल्या अळ्या होत्या. मी आणि माझ्या बायकोनं वेचल्या. पोरगी त्याच अळ्यांच्या पेशीवर काम करते, दवाखान्यात नाही. मला सगळं ठाऊक होतं आणि मी खोटं बोललो.

एक जण फिसकन हसली. भावजय म्हणाली, "भाऊजी, डोक्सं फिरलं का तुमचं?"

शेजारीण तेवढ्यानं बधली नाही.

"मंग तवा काय तोंड शिवलं व्हतं?"

"व्हय," मी म्हणालो.

"मले चेटकीन म्हनाले लोक. म्हनू द्या. पन माही मैतरीन मेली अन् मले तिच्यासाठी रडाले तुमचं दार बंद केलं. कोनाच्या दारात जाऊन रडू मी?"

तिचा गुंड, पाण्याचा हंडा, भरला होता. मी उचलू गेलो, तिनं उचलू दिला नाही. कमरेवर घेतला आणि चालू लागली. मी मागं. तिचं घर आधी लागतं. तिथं ती थांबली नाही. आमच्या ओट्यावर तिनं गुंड ठेवला, आत गेली आणि माझ्या बायकोच्या नावानं लावलेल्या दिव्यापुढं बसली. मग तिच्या रडण्याचा आवाज आला. पोरगी उठून तिच्याजवळ गेली.

मी बाहेर गुंडाजवळ उभा राहिलो. आत जायला तोंड नव्हतं.