कुठेही चालणारं कार्ड

माझ्या नणंदेचे यजमान दर मे महिन्यात मुंबईहून रत्नागिरीला येतात आणि आठ दिवस आम्हाला सुधारतात. त्या वर्षी त्यांनी रोख पैशांवर मोहीम काढली होती. खिशात एकही नोट ठेवायची नाही, हा त्यांचा नेम. मी मासळी घेऊन आले की विचारायचे, "वहिनी, अजून नोटा मोजता? अडाण्यांचं काम ते." मासे मात्र चवीनं खायचे.

एका सकाळी आम्ही तिघं त्यांच्या गाडीनं पावसला निघालो. तिथं एका नातेवाइकाकडे साखरपुडा होता. निघताना वन्संच्या समोरच मी पर्समध्ये तीन हजार रुपये ठेवले. ते पाहून भावोजी फक्त हसले.

गावाबाहेरच्या पंपावर त्यांनी गाडी घातली. पेट्रोल भरायला चाळिशीची एक बाई होती. तिनं नळी हातात घेण्याआधीच सांगितलं, "साहेब, रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली हाय. मशीन चालत नाय, मोबाईलवरून पण पैसे येत नायत. रोख असतील तरच भरते."

"तू भर गं. दोन हजारांचं टाक. माझं कार्ड दुबईत चाललंय, तुझ्या पंपावर का नाही चालणार?"

मागे रिक्षांची रांग लागली होती. तिनं भरलं.

कार्ड चाललं नाही. तिनं मशीन उन्हात धरलं, झाडाखाली नेलं, तिसऱ्यांदा कार्ड घातलं. काही नाही. भावोजींनी मोबाईल काढला, तोही गोल गोल फिरत राहिला. मग त्यांचा आवाज चढला. "हे मुद्दाम करता तुम्ही लोक. कार्डावर पैसे घेतले की हिशेब दाखवावा लागतो ना."

"मी आधीच सांगितलेलं, साहेब," ती म्हणाली. "आता माझ्या पगारातून कापतील."

"कापू देत. म्हणजे शिकाल."

माझी पर्स माझ्या मांडीवर होती. पैसे काढायला मला एक क्षण पुरला असता. मी काढले नाहीत. इतके दिवस ऐकून घेतलेलं मला वसूल करायचं होतं. हा माणूस रांगेतल्या रिक्षावाल्यांसमोर खिसे चाचपताना मला बघायचा होता, आणि मी ते सावकाश बघितलं. इस्त्रीचा शर्ट, महागडं घड्याळ आणि खिशात पेट्रोलपुरतेही पैसे नाहीत. त्या आनंदात त्या बाईचा पगार माझ्या ध्यानातच राहिला नाही, की राहूनही मी पर्स उघडली नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही. शेजारी बसलेल्या वन्संनी एकदा पर्सकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. तीस वर्षं त्या संसार करताहेत. त्यांचं वसूल करायचं माझ्यापेक्षा जास्त असणार.

मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दाबून धरला. ती बाई पदरानं डोळे पुसत ऑफिसकडे वळली, तेव्हा वन्संनी माझी पर्स उघडली, चार नोटा काढल्या, खाली उतरल्या आणि तिच्या हातात दिल्या. "बाई, चुकलं आमचं," एवढंच म्हणाल्या. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

गाडी पावसच्या रस्त्याला लागली. मग भावोजी म्हणाले, "बघितलंत? अशानं कोकण मागे राहतं." मला वाटलं होतं, पर्स जवळ असून तुम्ही गप्प कशा बसलात, असं तरी ते विचारतील. त्यांना तो प्रश्न पडलाच नाही. आपल्यावर कुणी हसत असेल, ही शंका या माणसाला कधी शिवत नाही.

पावसला पोचल्यावर ओटीवर माणसं जमली होती. पन्ह्याचा पेला हातात घेऊन भावोजींनी पंपाची हकीकत सांगायला घेतली. त्यात कार्ड नव्हतं, ती बाई नव्हती, वन्संही नव्हत्या. "मशीन बंद म्हणाले. मी म्हटलं, असू दे. दिले रोख दोन हजार," ते म्हणाले. "काय आहे, माणसानं जवळ थोडे सुटे पैसे नेहमी ठेवावेत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. वन्सं उठून आत भांडी घासायला गेल्या. मीही त्यांच्या मागून गेले आणि त्यांनी घासलेली भांडी विसळायला बसले.