सोयाबीनचे कट्टे अन् शाळेची व्हॅन

मंडळी, आज आपल्या गाडी तपासणी केंद्रात जे पाह्यलं, त्यानं मी अजून थक्क आहो.

केनवडचे एक काका शाळेची व्हॅन घेऊन आले. मशीनवर ब्रेक पास झाला. मी म्हनलं, "झालं काका, न्या गाडी."

"थांब बाप्पा! रिकामी गाडी तं कोनाचीबी थांबते."

अन् त्यायनं मागून आलेल्या ऑटोतून सोयाबीनचे कट्टे, म्हंजे भरलेले पोते, उतरवले. व्हॅननं शाळेत जानाऱ्या सगळ्या पोरायले आधीच काट्यावर उभं करून, बरोबर तेवढंच वजन भरून आनलं होतं!

कट्टे ठेवून भरली व्हॅन परत मशीनवर घेतली, तं मागचा ब्रेक कमी पडला.

काका म्हनले, "पासचा कागद राहू दे. ब्रेकचं काम करून येतो. उद्या पोरं दुसऱ्या गाडीनं जातील."

तुमचं लेकरू ज्या गाडीत जाते, तिचा ब्रेक भरल्या गाडीत कोनी पाह्यला का?